कुलूप शाबूत होतं

कुलूप कुणी फोडलं नव्हतं. चावी कुणी चोरली नव्हती. तरी आतलं गुपित बाहेर फुटलं होतं, आणि त्यापायी तांबजाईच्या पठारावर सहा खड्डे तेवढे उरले होते.

ते खड्डे सगळ्यात आधी करडूनं पाहिले. करडू म्हणजे शेळीचं पिल्लू नव्हे. ते गुडघ्याएवढ्या उंचीचं, चार पायांचं एक बोलकं यंत्र होतं. कडेकपारींतून ते शेळीसारखं चढायचं, एकही रोप पायाखाली न चिरडता झाडं मोजायचं, आणि कुणी प्रश्न विचारला की उत्तर देऊन गप्प बसायचं सोडून उलट दोन प्रश्न विचारायचं. साल होतं २०५८. तोवर अशी यंत्रं डोंगराळ गावांमध्ये बरीच आली होती, पण इतकं चिवट दुसरं नसेल.

"डॉक्टर, दुसऱ्या कपारीतली सहाही रोपं नाहीत," अंगणात येऊन ते म्हणालं. "कंदासकट उकरून नेलीत. माती अजून ओली आहे."

डॉक्टर म्हणजे कस्तुरीचे आबा, वनस्पतिशास्त्रज्ञ रामचंद्र ढेबे. त्यांनी तोंडाला लावलेला चहाचा कप खाली ठेवला, तो सकाळभर तसाच राहिला. सातवीतली कस्तुरी शेजारीच भाकरी खात बसली होती. दिवाळीची सुट्टी लागून दोनच दिवस झाले होते, आणि सुट्टीची सगळी मजा तिथल्या तिथे संपली.

गेलेली रोपं होती तांबजाईच्या कंदीलपुष्पाची. ही नाजूक वेल या एका पठारावर उगवते, जगात दुसरीकडे कुठेच नाही. तिचं फूल बोटभर लांब, टोकाला छोट्याशा कंदिलासारखं. बारीक माश्या त्यात घसरतात, आतले केस त्यांना दिवसभर अडकवून ठेवतात आणि मग पराग अंगाला लावून सोडून देतात. आबांनी उभं आयुष्य या वेलीमागे घातलं होतं. जगात असेही हौशी लोक आहेत, की ज्यांना दुर्मिळ रोप डोंगरावर असलेलं बघवत नाही, ते आपल्या काचेच्या खोलीतच हवं असतं. आबांना भीती होती ती त्यांचीच.

थोड्या वेळानं शेजारचे धाकूमामा म्हशी सोडून आले. त्यांनी खड्ड्यांची बातमी ऐकली आणि ते ओट्यावर बसले.

"आबा, माजीच चूक झाली म्हना," ते म्हणाले. "परवा येक मानूस भेटला हुता. मला म्हनला, जांभळ्या कड्याच्या उत्तरेला पानवठा हाय, त्याच्यावरची दुसरी कपार कंची? त्याला सगळंच ठावं हुतं. मला वाटलं, तुमचाच कुनी पाव्हना. दावली मी." मग डोक्यावरचं मुंडासं सारखं करत ते पुटपुटले, "माजा आज्जा खरपुडी म्हनून ह्येच कंद उकरून खायचा, पर पाठीमागं चार तरी ठेवायचा."

आबांनी त्यांना दोष दिला नाही. त्यांच्या डोक्यात दुसरंच चाललं होतं. त्या दुसऱ्या कपारीत वेली आहेत हे माहीत होतं फक्त चौघांना: आबा, कस्तुरी, करडू आणि शाहीन मुलाणी. शाहीन ही आबांची वीस वर्षांपूर्वीची विद्यार्थिनी, आणि आता 'बीजघर' या प्रयोगशाळेची प्रमुख. दुर्मिळ वेलींच्या बियांपासून रोपं तयार करायची, हे बीजघराचं काम. गणपतीच्या सुमारास कपारीची सगळी माहिती एका फाइलमध्ये घालून कस्तुरीनंच शाहीनमावशीला पाठवली होती. पाठवली होती तीही 'गुपितपेटी' नावाच्या सेवेतून. या सेवेत फाइल कूटबद्ध (चावीशिवाय वाचता येऊ नये अशी केलेली) होऊनच जाते. पानावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं, 'तुमची फाइल आम्हालाही वाचता येत नाही.'

"एक तर ती पेटी खोटी," आबा म्हणाले, "नाहीतर शाहीन."

शाहीनमावशीवर त्यांचा लेकीइतका जीव होता.

आता अडचण अशी होती, की सगळीच रोपं गेली नव्हती. दहा दिवसांपूर्वी करडूला पठाराच्या पार दुसऱ्या टोकाला आणखी पाच वेली सापडल्या होत्या. त्या कुठल्याच फाइलमध्ये नव्हत्या. त्यांच्या एकेक अशा पाच शेंगा वाळत आल्या होत्या. चार दिवसांत त्या तडकल्या असत्या, आणि रेशमी शेपट्या लावलेल्या बिया वाऱ्याबरोबर खोल दरीत गेल्या असत्या. कड्यावर लोंबणाऱ्या त्या शेंगा काढणं माणसाच्या हातचं नव्हतं आणि करडूच्या पायांचंही नव्हतं. बीजघराकडे टिपक्या नावाचं एक चिमुकलं उडतं यंत्र होतं, बारीक चिमटा असलेलं. पण त्याला आधी नकाशा द्यावा लागे. घाटात दरड कोसळून रस्ता बंद असल्यामुळे नकाशा हातोहात नेऊन देणं शक्य नव्हतं. कड्याचा वळणावळणाचा नकाशा फोनवर सांगताही येत नाही. पाठवायचा, तर पुन्हा फाइल करूनच.

"आता काही पाठवायचं नाही," आबा म्हणाले.

"पण आबा, मग बिया?"

"जाऊ देत वाऱ्यावर. वारा निदान कुणाला सांगत नाही."

आबांचा राग आदळआपट करणारा नव्हता. ते उठून आत गेले आणि वाळवलेल्या पानांचे गठ्ठे उगीचच इकडचे तिकडे लावत बसले.

कस्तुरी पडवीत आली. पाठोपाठ करडूही खट खट करत आलं.

"आबा मला एका शब्दानं बोलले नाहीत," ती म्हणाली. "फाइल तर मीच पाठवली होती. ओरडले असते तर बरं वाटलं असतं."

"ओरडण्याआधी चूक कुणाची ते कळायला हवं," करडू म्हणालं. "आधी कुलूप तपासू. शंभराच्या आतला एक आकडा मनात धर. मला सांगू नकोस. हे तुझं गुपित."

कस्तुरीनं सत्तेचाळीस धरला.

"आता दुसरा आकडा धर. तोही सांगू नकोस. ही तुझी चावी."

तिनं शहाऐंशी धरला.

"दोन्हींची बेरीज कर. शंभराच्या वर गेली तर वरचे शंभर टाकून दे. काय उरलं ते मोठ्यानं सांग."

सत्तेचाळीस आणि शहाऐंशी, एकशे तेहेतीस. "तेहेतीस," कस्तुरी म्हणाली.

"आता मी जगातलं सगळ्यात हुशार यंत्र असलो तरी तुझं गुपित ओळखू शकत नाही," करडू म्हणालं. "चावी एक असेल तर गुपित बत्तीस. चावी दोन असेल तर एकतीस. शंभरातला कुठलाही आकडा तुझा असू शकतो. पण चावी ज्याच्याकडे आहे, त्याचं काय?"

कस्तुरीनं बोटानं फरशीवर गणित मांडलं. तेहेतिसातून शहाऐंशी जात नाहीत. टाकलेले शंभर परत घेतले. एकशे तेहेतीस वजा शहाऐंशी, सत्तेचाळीस. तिचं गुपित तिला परत मिळालं.

"खऱ्या फाइलीत नुसती बेरीज नसते, पुष्कळ घुसळण असते," करडू पुढे म्हणालं. "आणि चावी असते अठ्ठ्याहत्तर आकडी. एकेक चावी लावून बघायची म्हटलं, तर सूर्य विझेल पण चाव्या संपणार नाहीत. तेव्हा प्रश्न कुलपाच्या ताकदीचा नाही. प्रश्न असा की, ते लागलं कुठे? तुझ्या यंत्रावर की त्यांच्या?"

"म्हणजे?"

"फाइल उघडीच त्यांच्या सर्व्हरवर (लोकांच्या फाइली साठवणाऱ्या दूरच्या संगणकावर) गेली आणि त्यांनी तिथे कुलूप लावलं, तर चावी त्यांच्याकडे. मग कुलूप असून नसून सारखंच."

दोघांनी मिळून कस्तुरीचा टॅबलेट तपासला. कुलूप इथेच, पडवीतल्या टॅबलेटवर लागलं होतं. ते लावणारा प्रोग्रॅम कुणालाही वाचता येईल असा खुला ठेवलेला होता, आणि त्या कंपनीशी संबंध नसलेल्या तीन गटांनी तो बारकाईनं पाहिला होता. ती लांबलचक चावी बारा शब्दांतून तयार होत होती. ते कस्तुरीनं शाहीनमावशीला फोनवर तोंडी सांगितले होते, कुठे लिहिले नव्हते.

"मावशीनं ते कुणाला सांगितले असतील?" कस्तुरीनं भीत भीत विचारलं.

"तुझ्या फाइलीला कोणी कोणी चावी लावली, याची नोंद तुला दिसते. बघ."

नोंद एकच होती. शाहीन मुलाणी, एकदा, फाइल मिळाली त्याच दुपारी. सर्व्हरवर जे कुलूपबंद भेंडोळं साठवलेलं होतं ते एका अक्षरानंही बदललं नव्हतं.

कस्तुरीच्या जिवात जीव आला आणि लगेच ती गोंधळली. "म्हणजे कुलूप शाबूत आहे. मावशीही तशी नाही. मग त्या माणसाला कपार कळली कशी?"

"समज, तू एस.टी.तून कुणाला तरी कुलूप लावलेला डबा पाठवलास," करडू म्हणालं. "कंडक्टरला आतली भाजी कळणार नाही. पण त्याला काय काय कळेल?"

"डबा कुठून निघाला. कुठे जाणार. कधी दिला." कस्तुरी विचार करत म्हणाली. "उचलला तर वजन."

"आणखी?"

"आणखी काय? झाकणावर काही लिहिलेलं असेल, तर तेही..."

ती बोलता बोलता थांबली. करडूनं या वेळी पुढचा प्रश्न विचारला नाही.

ढेब्यांच्या घरात वाळलेल्या पानाफुलांचे हजारो कागद होते. प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात एक चिठ्ठी असायची: वनस्पतीचं नाव, नेमकी जागा, तारीख, झाड कोणत्या अवस्थेत होतं, आणि गोळा कुणी केलं. झाडांचा अभ्यास करणारे सगळेच लोक असं लिहितात, कारण जागा माहीत नसलेल्या पानाचा शास्त्राला काही उपयोग नसतो. चिठ्ठीशिवायचं पान म्हणजे पाचोळा, असं आबा म्हणायचे. कस्तुरीला अक्षरं गिरवायला शिकवली तीच मुळी या चिठ्ठ्यांवर. त्यामुळे फाइल तयार झाल्यावर तिला नाव देताना तिनं क्षणभरही विचार केला नव्हता. हात आपोआप चालला होता.

तिनं बीजघराचं पान उघडलं. तिथे 'आलेल्या फाइली' असा एक फलक होता. गावोगावच्या लोकांना आपली फाइल पोचली की नाही ते बघता यावं, म्हणून तो सगळ्यांसाठी खुला ठेवलेला होता. सप्टेंबरच्या यादीत मधोमध एक ओळ होती:

'कंदीलपुष्प, तांबजाई पठार, जांभळा कडा, उत्तर बाजू, पाणवठ्यावरची दुसरी कपार, सहा रोपं, फुलोऱ्यात. कस्तुरी ढेबे.'

ओळीच्या शेजारी छोटंसं बंद कुलूप काढलेलं होतं.

"याला मेटाडेटा म्हणतात," करडू हळू आवाजात म्हणालं. "मेटाडेटा (माहितीबद्दलची माहिती) म्हणजे फाइलीचं नाव, आकार, वेळ, कुणाकडून कुणाकडे. काही सेवा नावालाही कुलूप लावतात. गुपितपेटी लावत नाही. त्यांनी ते पानाच्या तळाशी लिहिलंय, बारीक अक्षरांत."

कस्तुरीला रडू आलं, आणि ते तिनं आवरलं नाही. दीड महिना ती ओळ तिथे सगळ्या जगासमोर होती, आणि त्या सहा वेली कपारीत गपचूप फुलत होत्या. रडणं ओसरल्यावर तिला सगळ्यात जास्त टोचलं ते वेगळंच. आबा आत शाहीनमावशीला चोर समजत बसले होते.

ती टॅबलेट घेऊन सरळ आत गेली, मागोमाग करडूही.

"आबा, शाहीनमावशीनं नाही सांगितलं. मी सांगितलं."

आबांनी चष्मा लावला. ती ओळ त्यांनी एकदा वाचली, मग पुन्हा वाचली.

"चिठ्ठी चांगली लिहिली आहेस," ते म्हणाले. "एकही गोष्ट सुटलेली नाही."

"आबा..."

"अगं, तुला कोण बोलतंय? मी शिकवलं तसंच केलंस तू. हे लिहायचं कशासाठी ते मी शिकवलं. कुठे लिहायचं नाही, ते माझ्या कधी डोक्यातच आलं नाही." त्यांनी तिला जवळ बसवून घेतलं आणि फोन उचलला. "शाहीन, मी सकाळपासून तुझ्याबद्दल वाईट विचार करत होतो. आधी ते ऐकून घे, मग बाकीचं सांगतो."

सगळं ऐकल्यावर शाहीनमावशी पलीकडून म्हणाली, "सर, तो फलक उघडा ठेवायचा निर्णय माझा. कुणी काय नाव देईल याचा मी तरी कुठे विचार केला? आत्ताच्या आत्ता बंद करते. पण सर, त्या पाच वेलींचं काय करू या?"

आबांनी करडूकडे पाहिलं. "एकदा काय ते सांग बाबा. त्या पेटीवर विश्वास ठेवायचा की नाही?"

"असं एका शब्दात सांगता येणार नाही, डॉक्टर. कुठल्या कामासाठी आणि किती, असं विचारा."

"बरं, तसं विचारतो. तिनं फाइल नेऊन पोचवावी एवढ्यापुरता?"

"एवढ्यापुरता जरूर ठेवा. ते काम ती चोख करते."

"कुलूप लावण्यापुरता?" या वेळी कस्तुरीनं विचारलं.

"आजवर तिनं नीट लावलंय. पण तो प्रोग्रॅम दर वेळी त्यांच्याकडून नव्यानं येतो. लोकांनी तपासलेला एक, आणि तुझ्या टॅबलेटवर आलेला दुसराच, असं उद्या कुणी केलं तर तुला समजणार नाही. करतील असं मी म्हणत नाही. करू शकतात, एवढंच."

"मग आपणच घरी आधी वेगळं कुलूप लावलं तर? आणि मग पेटीत टाकलं?"

करडूनं मान वर केली. त्याला आनंद झाला की ते असंच करायचं. "मग त्यांच्याकडे गेलं तरी ते तुझंच कुलूप. मात्र चावी हरवलीस, तर ती फाइल कायमची गेली असं समज."

"आणि तसं निवडलं तर दोन दिवसांनी फाइल आपोआप पुसली जाईल असं लिहिलंय, ते खरं?" आबांनी विचारलं.

"त्यांनी पुसली की नाही ते आपल्याला इथून दिसत नाही. तेव्हा पुसणार नाहीत असंच धरून चालावं. शिवाय शाहीनबाईंनी फाइल उघडली की ती त्यांच्या संगणकावर उघडीच असते. तिथे कुठल्याच पेटीचं राज्य नाही. तिथे विश्वास ठेवायचा तो माणसावर."

"तो आहे," आबा म्हणाले.

दुपारी तिघं कामाला लागले. आबांचा विचार सवयीनं पठाराचा पूर्ण नकाशा पाठवायचा होता. कस्तुरी अडून बसली. टिपक्याला एका दिवसात पाच शेंगांपर्यंत जायचं आहे, तर त्याला पठारावरची बाकीची झाडं कशाला दाखवायची? आबांनी थोडी कुरकुर केली, अर्धवट नकाशा पाठवणं त्यांच्या जिवावर आलं होतं, पण ऐकलं. पाच ठिपके आणि त्यांच्याभोवतीचा कडा, तेवढीच फाइल. त्या फाइलीला पेटीत टाकण्याआधी घरच्याच तपासलेल्या प्रोग्रॅमनं कुलूप लावलं. नाव दिलं 'फाइल तीन'. हे नाव टाइप करताना आबांचा चेहरा एखाद्याला उपाशी झोपवल्यासारखा झाला होता. नवे बारा शब्द कस्तुरीनं फोनवर शाहीनमावशीला सांगितले, आणि दोघींनी ते एकमेकींकडून पाठ म्हणवून घेतले.

तिसऱ्या दिवशी ऊन चढल्यावर टिपक्या आला. भुंग्यासारखा गुणगुणत तो कड्याखाली उतरला. धाकूमामांनी म्हशी सोडून तोंड वर करून त्याच्याकडे बघितलं. पाच शेंगांपैकी त्यानं तीनच काढल्या. दोन तशाच ठेवायच्या, हे आबांनी आधीच ठरवलं होतं. दुपारनंतर त्या दोन तडकल्या आणि त्यांच्या बिया चकाकत दरीवरून तरंगत गेल्या. त्यांतली एखादी कुठे रुजली असेलही.

बीजघरात नेलेल्या बिया लवकर दाद देईनात. पहिलं वर्ष वाट बघण्यात गेलं. दुसऱ्या वर्षी एकोणीस रोपं उभी राहिली, आणि आषाढात शाहीनमावशी स्वतः ती घेऊन पठारावर आली. ओल्या शेवाळात गुंडाळलेली रोपं तिनं कस्तुरीच्या हातात दिली. कस्तुरी आता नववीत गेली होती.

"चल ना मावशी, जागा बघून ठेवल्यात आम्ही," कस्तुरी म्हणाली.

शाहीनमावशी ओट्यावर बसली आणि तिनं ओले बूट काढले. "मी नाही येत."

"का गं?"

"मला बघायची फार इच्छा आहे. पण मला ठाऊक असायची गरज नाही. या जागा तू आणि सर, दोघांतच राहू देत. मलाही सांगू नका."

कस्तुरी आबांचा हात धरून निघाली. पाणवठ्यापर्यंत करडू नेहमीसारखं पुढे चाललं होतं. तिथून वाट वर चढते. कस्तुरी थांबली. करडू जिथे जाईल तिथली जागा त्याच्या आत आपोआप नोंदली जाते, हे तिला माहीत होतं. इतकं सगळं ज्यानं शिकवलं, त्यालाच हे कसं सांगायचं, म्हणून ती घुटमळली.

"करडू, तू इथेच थांबशील?"

करडूनं एक प्रश्नही विचारला नाही. त्यानं चारही पाय दुमडले आणि कड्याकडे पाठ करून ते पाण्याकडे तोंड करून बसलं.

"मी हे ऐकायचीच वाट बघत होतो," ते म्हणालं.